पुण्याच्या थंडीसाठी रंगीत योकचा स्वेटर: बारीक लोकर, गळ्यापासून खाली

पुण्याची थंडी पहाटेची आणि रात्रीची असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी दोनला तिशीला टेकलेला असतो. जाड लोकरीचा स्वेटर इथे दिवसातून दोन-तीन तास अंगावर राहतो आणि उरलेला वेळ हातावर. म्हणून माझं ठाम मत आहे की पुण्यात विणायचा तर स्वेटर बारीक लोकरीचाच विणावा. रंगांची नक्षी फक्त योकवर, म्हणजे गळा ते खांदे या गोल पट्ट्यात ठेवावी आणि खालचं अंग, बाह्या एकरंगी सोडाव्यात. दोन रंगांच्या विणीत मागून दुसरा धागा जातो, त्यामुळे कापड जवळजवळ दुप्पट जाड होतं. ती ऊब खांद्यांवर आणि मानेखाली हवी असते, पोटावर नको असते.

बारीक लोकरीला बायका घाबरतात ते टाक्यांच्या संख्येमुळे. भीती खोटी नाही. छत्तीस छातीच्या स्वेटरला ऐंशी हजारांच्या आसपास टाके पडतात. पण बारीक धाग्यात नक्षी जशी उमटते तशी जाड धाग्यात उमटत नाही. जाड लोकरीच्या योकवर आठ टाक्यांचा त्रिकोण तळहाताएवढा होतो. बारीक लोकरीत तोच पावणेतीन सेंटीमीटरचा होतो आणि गळ्याभोवती चोवीस त्रिकोण मावतात. तयार स्वेटरचं वजनही तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर राहतं. दुपारी घडी करून पर्समध्ये टाकता येतो.

गोल योकचे स्वेटर मूळचे थंड मुलखातले. आइसलँडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला ते रुजले, तिथल्या जाड, जेमतेम पीळ दिलेल्या लोकरीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मध्ये फेअर आयल नावाचं छोटं बेट आहे. एका फेरीत दोनच रंग वापरायची शिस्त आपण तिथून घेतो. आपल्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र स्वीडनचं. १९३९ ते १९६९ या काळात तिथल्या बोहुस्लेन भागातल्या बायका एम्मा याकोबसन यांच्या पुढाकारानं बोहुस या नावाखाली विणत होत्या. अगदी बारीक, मऊ लोकर, योकवर नाजूक नक्षी, खालचं अंग साधं. त्यांचे जुने नमुने पाहिले की योकवर किती सूक्ष्म काम करता येतं याची कल्पना येते.

लोकर आणि सुया

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत गेलात आणि नुसतं "बारीक लोकर द्या" म्हणालात, की काउंटरवरचे दादा विचारतात, "ताई, बेबी वूल देऊ का?" बेबी वूल म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं. पहिल्याच स्वेटरला ते घेऊ नका. अ‍ॅक्रिलिक घसरतं, त्यामुळे मागून नेलेले धागे जागेवर बसत नाहीत. धुतल्यावर लोकरीचे टाके जसे एकमेकांत बसून सारखे होतात, तसं अ‍ॅक्रिलिकचं होत नाही. शिवाय दहा वाजता ऊन चढलं की त्यात घाम येतो. सुती धाग्याला ताण-लवचीकपणा नसतो, तो रंगीत विणीला त्याहून वाईट. मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) किंवा निदान निम्म्याहून जास्त खरी लोकर असलेलं मिश्रण घ्या. लेबलवर १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास लांबी हवी. प्लायच्या, म्हणजे धाग्यात पिळलेल्या पदरांच्या आकड्यावर जाऊ नका, चार प्लाय लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या लोकरी सारख्या जाडीच्या असतीलच असं नाही. मीटर खरं बोलतात.

मुख्य रंगाची ३०० ग्रॅम म्हणजे १२०० मीटर लोकर घ्या आणि नक्षीचे दोन रंग प्रत्येकी ५० ग्रॅम. मुख्य रंगाच्या सगळ्या लच्छ्या एकाच डाय लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या हव्यात, लेबलवरचा नंबर जुळवून घ्या. कुडत्याइतकी लांबी हवी असेल तर चौथी लच्छी आत्ताच घ्या, कारण तीन महिन्यांनी तोच लॉट मिळत नाही.

रंग निवडताना एकच कसोटी पुरते. तिन्ही गोळे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन रंग सारख्याच करड्या छटेचे दिसले तर नक्षी विणल्यावर दिसणार नाही, मग ते दुकानात कितीही वेगळे वाटोत. मोरपंखी आणि मरून हे साडीवर देखणं जोडकाम आहे, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर योकवर चिखल होतो. मरूनला हळदी पिवळा किंवा मोतिया द्या, लगेच उठाव येतो.

सुया गोल लागतील, म्हणजे दोन टोकं आणि मध्ये वायर. ३ मिमीची एक ४० सेंटीमीटरची गळ्यासाठी आणि एक ८० सेंटीमीटरची अंगासाठी. २.५ मिमीची एक बॉर्डरसाठी. बाह्यांसाठी मोज्यांच्या पाच सुया किंवा १०० सेंटीमीटर वायरची गोल सुई. आपल्याकडे दुकानात अजून जुने नंबर चालतात: ११ नंबर म्हणजे ३ मिमी, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. मिमी विचारून घेतलेलं बरं. याशिवाय खुणेच्या रिंगा, बोथट टोकाची शिवणसुई आणि टाके राखून ठेवायला वेगळ्या रंगाचा सुती दोरा.

नमुन्याचा तुकडा

हे प्रकरण टाळून पुढे जाऊ नका. या लेखातले सगळे आकडे १० सेंटीमीटरला २८ टाके आणि ३६ फेऱ्या या मापावर उभे आहेत. तुमच्या हाताला २६ टाके आले, तर १०० सेंटीमीटर घेराचा स्वेटर जवळजवळ १०८ सेंटीमीटरचा होईल. विणताना हे कळत नाही, घातल्यावर कळतं.

स्वेटर गोल विणायचा आहे, म्हणजे कायम सुलट बाजूनं. सपाट तुकड्यात आपण एक सुई सुलट, एक उलट विणतो आणि बहुतेकांचा हात उलट टाक्याला थोडा सैल पडतो. म्हणून तुकडाही गोल विणीसारखाच करा. गोल सुईवर ४० टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. आता काम उलटवू नका. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैलसर आणा आणि पुन्हा सुलट विणा. मागे लांब धागे लोंबतील, लोंबू द्या. निम्मा तुकडा एकरंगी, निम्मा दोन रंगांचा करा, कारण दोन रंगांत हात जवळजवळ प्रत्येकीचा घट्ट पडतो. तुमच्या दोन रंगांच्या भागात टाके जास्त मोजले गेले, तर योकच्या रंगीत फेऱ्यांना ३.२५ मिमीची सुई वापरायची, हे इथेच ठरून जातं.

तुकडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पांढऱ्या रुमालात दाबा. मरून, लाल, गडद निळा यांचा रंग गेलाच तर रुमालावर दिसेल. तसा रंग पांढऱ्या नक्षीशेजारी वापरू नका. तुकडा सपाट वाळवा आणि मगच मधले १० सेंटीमीटर मोजा. मशिनमध्ये धुता येणारी मेरिनो भिजल्यावर पसरते, त्यामुळे कोरड्या मापावर विसंबता येत नाही.

आकडेमोड

तयार नमुना उतरवून घेण्यापेक्षा स्वतःच्या मापाचे टाके स्वतः काढणं जास्त खात्रीचं असतं. गोल योकमध्ये ते अवघडही नाही, कारण सगळं छातीच्या घेरातून निघतं.

छाती ९२ सेंटीमीटर (छत्तीस इंच) धरू. वर ८ सेंटीमीटर सैलपणा, म्हणजे आत कुर्ता सहज बसेल. तयार घेर १०० सेंटीमीटर, २.८ नं गुणलं की २८० टाके. हा आपला पाया. गळ्याला याच्या चाळीस टक्क्यांच्या किंचित वर, १२० टाके घ्यायचे. बाहीचा वरचा घेर साधारण पस्तीस टक्के, म्हणजे १०० टाके. काखेत जोडायचे टाके आठ-नऊ टक्के, म्हणजे प्रत्येक काखेत २४.

आता योकच्या शेवटी किती टाके हवेत ते पाहा. पुढून-मागून मिळून २८० मधून दोन्ही काखांचे ४८ वजा, राहिले २३२. प्रत्येक बाहीच्या १०० मधून २४ वजा, राहिले ७६, दोन्ही मिळून १५२. बेरीज ३८४. गळ्याचे १२० ते योकचे ३८४ हा प्रवास नक्षी न मोडता कसा करायचा, यातच या स्वेटरचं सगळं गणित आहे.

१२० ला २४ नं भागलं तर ५ येतात आणि ३८४ ला २४ नं भागलं तर १६. म्हणजे योकच्या चोवीस पाकळ्या आहेत असं समजा. गळ्याशी प्रत्येक पाकळी पाच टाक्यांची आणि खाली सोळा टाक्यांची. मध्ये ती सहा, आठ, बारा अशी वाढते. नक्षीचे पट्टे याच आकड्यांना भाग जाणारे निवडले की जोडाच्या जागी अर्धवट फूल राहत नाही. दुसऱ्या मापाचा स्वेटर करताना चोवीसऐवजी बावीस किंवा सव्वीस पाकळ्या धरा, बाकी रीत तीच.

गळा आणि मागचा चढ

१२० टाके ३ मिमीच्या सुईवर, दोन टाक्यांत जरा जागा सोडत घाला. डोकं यातून जायचं आहे, घट्ट घातलेला काठ नंतर सैल करता येत नाही. मग २.५ मिमीच्या सुईवर घेऊन गोल जोडा. जोडण्याआधी टाके कुठे पिळले नाहीत ना ते पूर्ण गोल पाहा. एक सुलट एक उलट अशी तीन सेंटीमीटर बॉर्डर विणा. फेरीची सुरुवात पाठीच्या मध्यावर धरा आणि तिथे वेगळ्या रंगाची रिंग घाला.

आता ३ मिमीची सुई. योकला हात घालण्याआधी मागची बाजू थोडी उंच करायची. पुढून आणि मागून गळा सारखाच ठेवला तर स्वेटर मागे ओढला जातो आणि पुढचा काठ घशाला लागतो. त्यासाठी अर्ध्या ओळी विणायच्या. रिंगेपासून २० टाके सुलट विणा आणि काम उलटवा. धागा पुढे ठेवून पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, मग धागा सुईवरून मागे ओढा, म्हणजे त्या टाक्याचे दोन पाय वर येतील. धागा परत पुढे आणून उलट विणत रिंगेपर्यंत या आणि रिंग ओलांडून पलीकडे २० टाके विणा. पुन्हा उलटवा, तसेच दोन पाय करा. यापुढे प्रत्येक वेळी मागच्या वळणाच्या सहा टाके पुढे जाऊन वळायचं. वाटेत दोन पायांचा टाका लागला की दोन्ही पाय एकत्र धरून एकच टाका विणायचा. दोन्ही बाजूंना चार-चार वळणं झाली की रिंगेपासून ३८ टाक्यांपर्यंत पोचाल, पुढचे ४४ टाके अस्पर्श राहतील, आणि मागची बाजू सव्वादोन सेंटीमीटर उंच झालेली असेल. मान पुढे झुकलेली असेल, किंवा टू-व्हीलरवर वारा मानेत शिरतो ही तक्रार असेल, तर पाचवं वळणही घ्या.

योक

इथून फेऱ्या मोजायला सुरुवात करा आणि कागदावर रेघा मारत राहा.

पहिल्या दोन फेऱ्या साध्या. तिसऱ्या फेरीत दर पाच टाक्यांनंतर एक टाका वाढवा, १४४ होतील. चौथी ते अकरावी साधी. बाराव्या फेरीत दर तीन टाक्यांनंतर एक वाढवा, १९२ होतील. टाका वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचला आणि मागच्या बाजूनं सुलट विणा, म्हणजे भोक पडत नाही. वाढवायच्या सगळ्या फेऱ्या एकरंगी ठेवल्या आहेत त्या मुद्दाम. रंगीत फेरीत आडवा धागा उचलायला गेलं की कोणत्या रंगाचा उचलला यावरून नक्षीत ठिपके पडतात.

तेरावी साधी. चौदाव्या फेरीपासून पहिला रंगीत पट्टा, आठ टाक्यांचा. खणाच्या काठावर असते तशी देवळाची नक्षी मला गळ्याजवळ सगळ्यात शोभून दिसते. दोन फेऱ्या: ३ मुख्य, १ नक्षीचा, ४ मुख्य. पुढच्या दोन: २ मुख्य, ३ नक्षीचे, ३ मुख्य. पुढच्या दोन: १ मुख्य, ५ नक्षीचे, २ मुख्य. पुढच्या दोन: ७ नक्षीचे, १ मुख्य. शेवटच्या दोन पूर्ण नक्षीच्या रंगात. तेविसाव्या फेरीला चोवीस कळसं गळ्याकडे टोक करून उभी राहतात.

प्रत्येक ओळ दोनदा का, तर सुलट टाका चौकोनी नसतो. आपल्या मापात तो उंचीपेक्षा सव्वापटीहून थोडा जास्त रुंद आहे. आलेखाच्या कागदावर काढलेलं चौकोनी फूल विणल्यावर बसकं होतं. बारा टाके रुंद नक्षी चौरस दिसायला पंधरा फेऱ्या लागतात. कशिद्याचे नमुने योकवर उतरवताना हा फरक सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर मोराचं बदक होतं.

चोविसावी ते सत्ताविसावी फेरी मुख्य रंगात. अठ्ठाविसाव्या फेरीत दर दोन टाक्यांनंतर एक वाढवा, २८८. दोन फेऱ्या साध्या, मग एकतिसाव्यापासून मोठा पट्टा, बारा टाक्यांचा, पंधरा फेऱ्यांचा. इथे तुमची नक्षी तुम्ही काढा. शंकरपाळी काढणार असाल तर दोन शंकरपाळ्यांच्या मधल्या जागेत एक ठिपका ठेवा. ठिपका नसेल तर टोकाच्या फेरीत मागून अकरा टाक्यांचा धागा न्यावा लागतो. ठिपक्यानं तो पाच-पाचवर येतो. पुढे मध्यभागी नक्षीचं टोक हवं की दोन टोकांमधली जागा, हे सुरू करण्याआधी ठरवा. पाठीच्या रिंगेला पूर्ण नक्षीनं सुरुवात केली तर पुढे मध्यावर दोन नक्ष्यांमधला सांधा येतो. टोक हवं असेल तर रिंगेला अर्ध्या नक्षीनं सुरुवात करा.

पंचेचाळिसाव्या फेरीला मोठा पट्टा संपतो. एकोणपन्नासाव्यापर्यंत साधं, पन्नासाव्या फेरीत दर तीन टाक्यांनंतर एक वाढवा, ३८४. एक फेरी साधी, मग बावन्न ते अठ्ठावन्न या फेऱ्यांत चार टाक्यांचे छोटे ठिपके. त्यानं नक्षी एकदम तुटत नाही, विरळ होत खाली उतरते. त्यानंतर सगळं साधं, ऐंशीव्या फेरीच्या आसपास काखेपर्यंत.

दोन धागे हाताळताना

इथे थोडा वेळ थांबावं लागेल, कारण योक आकसतो तो इथेच.

आपल्याकडे बहुतेक जणी धागा उजव्या हातात धरतात. दोन रंगांसाठी मुख्य रंग उजव्या हातात आणि नक्षीचा रंग डाव्या हाताच्या तर्जनीवर घ्यायची सवय केली, तर प्रत्येक टाक्याला धागा सोडा-उचला करावा लागत नाही आणि गुंताही होत नाही. पहिला दिवस डावा हात अवघडतो. जमलंच नाही तर दोन्ही उजव्या हातात घ्या, पण एक नियम पाळा: नक्षीचा रंग कायम खालून येऊ द्या, मुख्य रंग वरून. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि नक्षी ठसठशीत दिसते. मध्येच क्रम बदलला तर त्या फेरीपासून नक्षी फिकी दिसायला लागते आणि कारण सापडत नाही.

रंग बदलायच्या क्षणी हात काय करतो ते पाहा. समजा सात टाके मरून झाले आणि आता मोतिया घ्यायचा आहे. मोतियाचा धागा सात टाके मागे राहिला आहे. उजव्या सुईवरचे ते सात टाके गोळा होऊन बसलेले असतात. तसाच मोतिया ओढला तर मागचा धागा त्या गोळा झालेल्या लांबीचाच राहतो आणि सुईवरून उतरल्यावर कापड चुण्या घेतं. म्हणून आधी उजव्या हाताच्या बोटानं ते सात टाके सुईवर मागे सरकवून पसरा, अंगावर जितके पसरतील तितके. मग मोतियाचा पहिला टाका विणा. मागचा धागा सरळ दिसला पाहिजे, ताणलेला नको आणि लोंबताही नको. हे प्रत्येक बदलाला करायचं. दोन पट्ट्यांनंतर बोट आपोआप जातं.

सात टाक्यांपर्यंत, म्हणजे अडीच सेंटीमीटर, धागा मागून तसाच गेला तरी चालतो. त्याहून लांब असेल तर मध्ये एकदा विणत्या धाग्याखाली अडकवून घ्या. सलग फेऱ्यांत एकाच टाक्यावर अडकवू नका, पुढून त्या जागी उभी रेघ दिसते.

प्रत्येक पट्टा सुरू करण्याआधी शिवणसुईनं एक बारीक सुती दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पट्ट्यात गडबड झाली तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं. एखाद-दुसरा टाका चुकीच्या रंगाचा पडला असेल तर उसवूही नका. शेवटी शिवणसुईत बरोबर रंगाचा धागा घेऊन त्याच टाक्यावरून गिरवा, दिसत नाही.

घालून बघा, मग वाटणी

गळ्यापासून खाली विणण्याचा खरा फायदा आता मिळतो. साठाव्या फेरीच्या आसपास सगळे टाके लांब दोऱ्यावर घ्या आणि आरशासमोर घालून बघा. योक खांद्यावर सपाट बसला आहे का? खांद्याच्या टोकाशी चुण्या पडत असतील तर टाके जास्त झालेत, पुढच्या वेळी शेवटची वाढ चार-पाच फेऱ्या खाली न्या. ताण येत असेल तर उलट. काठ काखेच्या दोन बोटं वर पोचला की वाटणीची वेळ झाली. ऐंशी हा आकडा अंदाजाचा आहे, तुमचा खांदा जे सांगेल ते अंतिम.

रिंगेपासून ५८ टाके विणा (अर्धी पाठ). पुढचे ७६ सुती दोऱ्यावर ठेवा (बाही). त्याच धाग्यानं २४ नवे टाके घाला (काख). ११६ विणा (पुढचा भाग). ७६ दोऱ्यावर, २४ नवे, आणि उरलेले ५८. सुईवर २८० आले पाहिजेत. इथे एकदा मोजा.

अंगाचं काम आता सरळ आहे. काखेपासून २९-३० सेंटीमीटर सुलट, मग २.५ मिमीच्या सुईवर पाच सेंटीमीटर बॉर्डर आणि सैल हातानं टाके बंद. हा भाग गप्पा मारत, मालिका बघत होतो.

बाहीसाठी ७६ टाके सुईवर घ्या आणि काखेच्या काठावरून २४ उचला. दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्तीचा टाका उचला आणि पुढच्या फेरीत शेजाऱ्याबरोबर दोनाचा एक करा, नाहीतर तिथे भोक राहतं. १०० टाक्यांवर पाच फेऱ्या साध्या, मग दर सहाव्या फेरीला काखेच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी. बावीस वेळा केलं की ५६ राहतात, म्हणजे २० सेंटीमीटरचं मनगट. त्यावर पाच सेंटीमीटर बॉर्डर. एकूण बाही त्रेचाळीस सेंटीमीटर होते. स्कूटर चालवणार असाल तर बॉर्डरआधी तीन सेंटीमीटर जास्त विणा, हँडल धरलं की बाही वर चढते. मनगटावर रंगीत पट्टा घ्यायचा मोह होतो, पण तो टाळा. मागच्या धाग्यांत बांगड्या आणि अंगठ्या अडकतात आणि प्रत्येक वेळी हात घालताना एखादा धागा ओढला जातो.

धुणं, वाळवणं, ठेवणं

सुईवरून उतरलेला योक खडबडीत दिसतो, टाके लहानमोठे वाटतात. धुतल्याशिवाय त्याचा निकाल लावू नका. टोकं आतून ओवून घ्या, मग गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून अर्धा तास भिजवा. चोळू नका, पिळू नका. त्याच तापमानाच्या पाण्यातून काढा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन पाणी काढा. सतरंजीवर दुसरा कोरडा टॉवेल अंथरून स्वेटर मापात पसरवा: छाती ५० सेंटीमीटर रुंद, योक हातानं गोल सारखा केलेला. सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनानं बाह्या लांब होतात.

गणपतीच्या सुमारास टाके घातले आणि रोज थोडं विणलं तर दिवाळीनंतरच्या थंडीला स्वेटर तयार होतो. पावसाळ्यात पूर्ण झालाच तर लगेच धुवू नका, हवा कोरडी होईपर्यंत थांबा. दमट हवेत लोकर दोन-दोन दिवस ओली राहते आणि वास धरते.

फेब्रुवारी संपला की स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून, घडी करून सुती पिशवीत ठेवा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते, म्हणून न धुतलेला स्वेटर कपाटात टाकू नका, वर कितीही कडुलिंबाचा पाला ठेवला तरी. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कागदात गुंडाळून, लोकरीला थेट न लागता. हँगरवर टांगू नका, खांद्यांना टोकं येतात आणि तुमचा योक नेमका तिथेच आहे. पिशवीत नमुन्याचा तुकडा, उरलेला थोडा धागा आणि टाक्यांचा कागद बरोबर ठेवा. कोपर विरलं की रफूला तोच धागा लागेल.